एक हात पाणी

आमच्या गावात पाणी सोडणारे आण्णा रस्त्याच्या मधोमध वाकून उभे राहायचे आणि लोखंडी चावीच्या मुठीला कान लावायचे. चावी म्हणजे छातीएवढी उंच सळई, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. ते तोंड रस्त्यातल्या खड्ड्यात व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचं आणि दोन्ही हातांनी मूठ फिरवायची, की त्या गल्लीला पाणी सुटायचं. मागे एसटी येऊन हॉर्न वाजवत उभी राहिली तरी आण्णांचा कान हलायचा नाही.

"आण्णा, गाडी काढू द्या की!" ड्रायव्हर ओरडायचा.

आण्णा डोळे मिटूनच एक बोट वर करायचे. पाणी आधी पाइपातला वारा पुढे ढकलतं. वारा संपला की आवाज बदलतो. तो बदलायच्या आत मूठ पुढे रेटली तर जुना सिमेंटचा पाइप फुटतो. हे त्यांनी ड्रायव्हरला कधी समजावून सांगितलं नाही. बोट खाली येईपर्यंत एसटी थांबायची, एवढंच.

आमचं गाव कोल्हापूरला लागूनच, गडमुडशिंगीच्या बाजूला. शहर दरवर्षी थोडं थोडं अंगावर येतंय, पण पाणी अजून ग्रामपंचायतीचं. आता आण्णा नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला मी फार उशीर केला, आणि जे लिहायला नको होतं ते फार लवकर लिहिलं.

त्यांच्या मनगटावर घड्याळ नसायचं. पंचायतीच्या फळ्यावर प्रत्येक गल्लीची वेळ लिहिलेली होती, पाऊण तास. आण्णा त्या फळ्याकडे बघत नसत. व्हॉल्व्ह उघडायचा, गल्लीभर चालत जायचं आणि शेवटच्या घराच्या पायरीवर बसायचं. त्या घरातली शेवटची घागर भरली की उठायचं, परत यायचं आणि बंद करायचं. वरच्या गल्लीचं शेवटचं घर आक्कांचं. त्या एकट्या राहायच्या आणि मुद्दाम सावकाश भरायच्या, म्हणजे आण्णांशी भांडायला वेळ मिळायचा.

"आण्णा, घरात बायको न्हाय म्हणून माझ्या पायरीवर बसतोस व्हय रं?"

"तुझी घागर गळतीया का बघायला बसतोय. भर गप."

आण्णा जैन होते. खांद्यावर कायम एक पांढरं फडकं. कुणाच्या घरी पाणी प्यायचं झालं तर तांब्याच्या तोंडावर ते दुहेरी घालून गाळूनच प्यायचे. सरपंच एकदा चिडले. म्हणाले, "आण्णा, हे तुमच्याच टाकीतलं पाणी हाय की!"

"टाकी माझ्या नजरंखाली हाय. तांब्या तुमचा हाय."

नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणारी घरं त्यांना कानानं कळायची. ओरडायचे नाहीत. त्या घराच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे, पाणी मागायचे, गाळायचे, घोट घोट प्यायचे, आणि संपलं की पुन्हा मागायचे. मोटर बंद होईपर्यंत उठायचे नाहीत. सरपंचांच्या घरी ते असेच सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसले. वहिनींनी शेवटी ताट आणलं. "बटाटा चालत न्हाय वैनी," म्हणून आण्णांनी ते परत केलं आणि पुन्हा पाणी मागितलं. सरपंचांनी स्वतः उठून मोटरची पिन काढली. त्यानंतरच्या मासिक सभेत, गावातल्या सगळ्या मोटारी जप्त कराव्यात असा ठराव सरपंचांनीच मांडला. आपली तेवढी माळ्यावर ठेवून.

गावाला त्यांच्या दोन गोष्टी खटकायच्या. एक म्हणजे ते टाकी कधी पूर्ण रिकामी होऊ देत नसत. तळाला हातभर पाणी राहिलं की सोडणं बंद. उन्हाळ्यात बायका तणतणायच्या, पण आण्णा "असूंदे" म्हणायचे आणि चालू लागायचे. दुसरी जास्त खटकायची. आण्णा कुणाच्या मयताला जात नसत. भाऊबंदातलं असो की शेजारचं, खांदा द्यायला गाव जमायचं आणि आण्णा नसायचे. "माणूस मेलं तरी ह्याला पाणीच सुचतंय," लोक म्हणायचे. मीही म्हटलंय.

माझे वडील कोल्हापुरात एका छापखान्यात होते. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका जुळवायचे आणि उरलेल्या वेळात कामगारांची, भाडेकरूंची, धरणग्रस्तांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात देवघरापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी बाराखडी त्यांच्यावरच शिकले. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायचे. वडिलांचा एक नियम होता. "विशेषण खोड, तारीख लिही. विशेषणाला कुणीही उत्तर देईल. तारखेला द्यायला जड जातं." ते गेल्यावर मी तो नियम उचलला आणि पत्रकं काढू लागले. रेशन दुकानावर, शाळेच्या गळक्या छपरावर. आण्णांनी माझं नावच पत्रक ठेवलं.

"काय गं पत्रक, आज कुणावर?"

"अजून ठरलं नाही, आण्णा."

"ठरीव लवकर. शाई वाळंल."

मग एका वर्षी ठरलं. सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह आमच्या घरासमोरच्या चौकात. मी तेव्हा एम.ए. करत होते आणि दुपारी गच्चीवर अभ्यासाला बसायचे. पाळी नसलेल्या गल्लीचा व्हॉल्व्ह आण्णा भरदुपारी उघडताहेत, असं मला दिसलं. पहिल्यांदा वाटलं, काही दुरुस्ती असेल. दुसऱ्यांदा दिसल्यावर मी वही केली. सात नोंदी झाल्या. गल्ली, तारीख, वेळ. त्यातल्या तीन वेळा पाणी सरपंचांच्या भावकीच्या गल्लीत गेलं होतं. मला तेवढं पुरलं. टाकीतल्या शिल्लक पाण्याचं कोडं सुटलं असं वाटलं. बड्यांसाठी राखून ठेवतात आणि दुपारी गुपचूप सोडतात!

पत्रकाचं शीर्षक होतं, 'टाकीतलं एक हात पाणी जातं कुठं?' खाली सात तारखा. एकही विशेषण नाही. शेवटचं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. 'गावाचं पाणी एका माणसाच्या मर्जीवर चालता कामा नये.' बाजाराच्या दिवशी मी ते स्वतः वाटलं. आण्णांनाही एक दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "छपाई चांगली झालीया. बापासारखी."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सरपंच एवढे खुशीत मी त्यांना निवडणुकीनंतर पाहिले नव्हते. त्यांच्या शेजारी एका कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन बसला होता. ग्रामसेवकांनी माझं पत्रक मोठ्यानं वाचलं आणि आण्णांना उभं केलं.

"ह्या तारखांना पाळी नसताना पाणी सोडलं का?"

"सोडलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या न्हाय."

"म्हंजे मनाला येईल तसं!" सरपंच म्हणाले आणि पटांगण हसलं. मीही हसले. पुढचा प्रश्न कुणीच विचारला नाही. तो विचारायचा मान पहिला माझा होता, कारण तारखा माझ्या होत्या.

कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. व्हॉल्व्हला मोटर बसणार, वेळ संगणक ठरवणार, पाणी सुटलं की प्रत्येकाच्या मोबाइलवर संदेश येणार. "मधला माणूस काढला की मर्जी निघाली," तो म्हणाला. ठराव मंजूर झाला. ठरावाच्या पहिल्याच परिच्छेदात माझं ते आवडतं वाक्य जसंच्या तसं आहे. आजही दप्तरात आहे. वडिलांच्या एकाही पत्रकातलं वाक्य कुठल्या सरकारी कागदावर गेलं नव्हतं. मला अभिमान वाटला, हे लपवून काय उपयोग?

यंत्र बसलं. चौकात व्हॉल्व्हवर पत्र्याच्या पेट्या आल्या, त्यांना कुलपं लागली. आण्णांनी चावी पंचायतीत जमा केली आणि घरी म्हशीकडे बघू लागले. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर संदेश आला, 'आपल्या विभागात पाणीपुरवठा सुरू झाला आहे.' आम्ही चौकात, व्हॉल्व्हच्या तोंडाशी. आम्हाला आलं. वरच्या गल्लीत अर्ध्यापर्यंत आलं. तिथून पुढे नळ नुसते खोकले. आक्का घागर काखेत मारून थेट पंचायतीत आल्या.

"मोबाइलात पाणी आलंय म्हणं. मग काय मोबाइल पिळू?"

ग्रामसेवक पोरगेलासा, सरळ माणूस. त्याच्याकडे दोन गावांचा कारभार, आणि रोज पाच निरनिराळ्या ॲपवर कसले कसले फोटो चढवायचे. त्यानं मला पडदा दाखवला. "ताई, बघा, वरची गल्ली हिरवी आहे. म्हणजे पाणी पोचलं. हिरवं असताना मला तक्रार नोंदवताच येत नाही."

"पण मोजतं कुठं हे?"

"व्हॉल्व्हपाशी."

म्हणजे पहिल्या घराच्या दारात. शेवटच्या घराची पायरी यंत्राला माहीतच नव्हती. वेळ वाढवायची तर पासवर्ड कंपनीकडे, कंपनीला पत्र तालुक्यातून जायचं, आणि तालुक्याला आधी तक्रार नोंदलेली लागायची. वीज गेली की व्हॉल्व्ह आहे तिथेच अडकायचा आणि पुण्याहून माणूस यायचा. तोवर एक गल्ली वाहत राहायची आणि बाकीच्या वाट बघत.

मी यंत्राच्या विरोधात नाही. असं बोलणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पाणी माणसाच्या मर्जीवर चालू नये, हे मी आजही म्हणेन. पण सर्वेक्षणाला आलेल्या मुलांनी टॅबवर पाइपाची लांबी घेतली, रुंदी घेतली, घरं मोजली. चार पावलांवर आण्णा चावी टेकून उभे होते. वरच्या गल्लीला चढ आहे, तिला आधी पाणी द्यावं लागतं, टाकी भरलेली असताना, नाहीतर जोर पोचत नाही, हे त्या माणसाला तीस वर्षं माहीत होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही. जिला विचारायची सवय असायला हवी होती ती बाई तेव्हा गच्चीवरून हे सगळं समाधानानं बघत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी शेजारच्या वहिनींना सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. मी त्यांच्याबरोबर पंचायतीत गेले. नेट बंद. ग्रामसेवकानं मृत्यूनोंदीचं जुनं रजिस्टर पुढे टाकलं. "ताई, तुम्हीच शोधा, तोवर मी फोटो चढवतो."

मी पानं उलटत होते. एका ओळीवर बोट थांबलं. तारीख ओळखीची होती. माझ्या पत्रकातली पहिली. गल्लीही तीच. पुढच्या पानावर दुसरी सापडली. सातही सापडल्या. सातही गल्ल्या जुळल्या.

ती मयतं गावात कुणाला माहीत नव्हती असं नाही. मलाही कानावरून गेली होती. पण माझ्या वहीत रकाना पाण्याचा होता, मयताचा नव्हता. दुःखाच्या घरात नळाला पाणी आलं तर ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आलं नसतं तर राहिलं असतं.

मग मी मागे गेले, माझी वही सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांत, वडिलांच्या नोंदीपर्यंत. आणि आठवलं. त्या दुपारी आमची पाळी नव्हती. स्मशानातून माणसं परत आली तेव्हा दारातला नळ वाहत होता. आईनं हंडे भरून ठेवले होते. सगळी माणसं तिथेच पाय धुऊन, आंघोळ करून गेली. गल्लीतल्या घराघरात तेच झालं असणार. आणि आण्णा मयताला आले नाहीत म्हणून मला राग आला होता.

मी तशीच त्यांच्या गोठ्यात गेले. ते धार काढत होते.

"आण्णा, सभेत सांगायचं होतं ना!"

"काय?"

"मयतासाठी सोडत होता ते."

त्यांनी वर पाहिलं नाही. चरवीत धारेचा आवाज चालू राहिला. "तू तारखा दिल्यास. तारखा बरोबर हुत्या. का सोडलं ते कुठं इचारलंस?"

"आणि ते शिल्लक पाणी?"

"मयत काय आदल्या दिशी सांगून हुतंय व्हय? टाकीत नको एक हात?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रडू नको गं, म्हस बिचकतीया."

त्यांना एकदा विचारलं की ते सांगत, हे मला इतक्या उशिरा कळलं. म्हणून मी वही घेऊन गेले. म्हटलं, सगळं लिहून घेते, कुठल्या गल्लीला मुठीचे किती आटे फिरवायचे, कुणाच्या आधी कुणाला. कंपनीला पाठवते. ते तयार झाले. फडकं खांद्यावर टाकून माझ्याबरोबर चौकात आले. वरच्या गल्लीच्या पेटीसमोर उभे राहिले. दोन्ही हात पुढे धरले आणि नसलेली मूठ फिरवायला लागले. एक, दोन, तीन. चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती. कुणीतरी हसलं. नऊला त्यांचे हात थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सातलाच थांबले.

"हाताला वजन लागतंय गं. रिकामा हात काय सांगत न्हाय."

मी पंचायतीत चावी मागायला गेले. भंगाराच्या लिलावात गेली होती. पाण्याच्या क्रमाचं जेवढं तोंडी मिळालं तेवढं मी टाइप करून ग्रामसेवकाला दिलं. त्यानं मनापासून वाचलं, आणि म्हणाला, "ताई, यात शेवटचं घर टाकायला जागाच नाही. फक्त वेळ टाकता येते." आण्णा त्यानंतर चौकात आले नाहीत. दूध घालायलाही मागच्या बोळानं जायचे.

पुढच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले आणि लेकीनं त्यांना कोडोलीला नेलं. मी पत्रक लिहायला बसले. आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ लागलेलं. वरच्या अर्ध्या पानात मी माझी चूक लिहिली. सात तारखा पुन्हा दिल्या आणि त्या दिवशी पाणी का सोडलं ते लिहिलं. मृतांची नावं न लिहिता. खालच्या अर्ध्या पानात मागणी होती. वरच्या गल्लीतल्या शेवटच्या चार घरांना यंत्र बसल्यापासून पुरेसं पाणी मिळालेलं नाही, आक्का या वयात सार्वजनिक बोअरवरून घागरी आणतात, पाणी शेवटच्या घरात मोजलं जावं. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी दाखवायचं, हेही पहिल्यांदाच ठरवलं. प्रूफ पिशवीत घालून कोडोलीच्या एसटीत बसले.

लेकीनं मला आत नेलं. आण्णा खाटेवर होते. अंग अगदी खंगलं होतं. उशाशी चष्मा, फडकं, तांब्या. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. लेकीनं चहा आणून दिला. मी पिशवीत हात घातला, कागद बोटांना लागला, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"वरच्या गल्लीला पाणी जातंय काय?"

आवाज इतका बारीक होता की मला खाटेवर वाकावं लागलं. त्यांच्या डोळ्यांकडे बघून मी म्हणाले, "जातंय, आण्णा."

"आक्काच्या घरापतूर?"

"हो."

"घागरी पुऱ्या भरत्यात?"

"सगळ्या भरतात."

त्यांनी नजर वर पत्र्याकडे नेली. मग त्यांचा चेहरा सैल पडला, इतका की मला भीती वाटली. "मग बरं झालं," ते म्हणाले. "मी उगंच भ्यालो हुतो यंत्राला. तुझं बरोबर हुतं."

मी कधीही खोटं छापलेलं नाही, आणि त्या दिवसापर्यंत खोटं बोललेही नव्हते, निदान पाण्याबद्दल नाही. आता कागद बाहेर काढला असता तर चष्मा उशाशीच होता. त्यांनी वाचला असता, वरपासून खालपर्यंत, शब्द न् शब्द, जसा तो पहिला वाचला होता. माफी वरच्या अर्ध्या पानावर होती आणि आक्कांच्या घागरी खालच्या. मधोमध फाडून वरचा तुकडा द्यावा, असंही माझ्या मनात आलं. पिशवीच्या आत माझ्या बोटांनी घडीची रेघ शोधलीसुद्धा.

"काय आणलंयस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आण्णा. दुसऱ्या कुणाचं काम आहे."

मी हात बाहेर काढला आणि चहा संपवला.